कादंबरींतील हेरप्रमुख आणि मुंबईचा दर्यासारंग

गुप्तहेरांच्या कथामालांत नायक देशोदेशीं भटकतो आणि वारंवार मृत्यूच्या दाढेंतून सुटतो. परंतु त्याला पाठविणारा मनुष्य एका खोलींतून हालत नाहीं. वाचकाची दृष्टि सहसा नायकावरच खिळलेली असते. तथापि कथा सुरू होते ती या बसून असलेल्या माणसाच्या तोंडच्या शब्दानें, हें थोडा विचार केल्यास ध्यानांत येईल.

अशा प्रमुखांत जगभर गाजला तो इयन फ्लेमिंग या इंग्रज लेखकाचा 'एम्'. १९५३ सालीं 'कॅसिनो रोयाल' या कादंबरींत तो प्रथम अवतरला. जेम्स बाँड हा त्याचा हस्तक. लंडनच्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर हा निवृत्त दर्यासारंग चिलीम ओढीत बसतो. त्याचें पूर्ण नांव, अ‍ॅडमिरल सर माइल्स मेसर्व्ही, वाचकांस कळलें तें लेखकाच्या मृत्यूनंतर १९६५ सालीं निघालेल्या कादंबरींत. एका अक्षरानें ओळखला जाण्याची ही रीत निव्वळ कल्पित नव्हे. ब्रिटिश हेरखात्याचा १९०९ सालचा पहिला प्रमुख कमिंग हाहि आरमारी अधिकारीच होता, आणि तो हिरव्या शाईनें 'सी' एवढेंच अक्षर लिहून सही करी.

या पात्राची कथेला गरज काय? बाँड माणसें मारतो. तो स्वतःच्या इच्छेनें मारूं लागला तर वाचक त्यास मारेकरी म्हणेल. 'एम्'नें टेबलावरून कागद पुढें सरकविला कीं तेंच कृत्य राज्याची आज्ञा ठरतें. शिवाय त्यास नायकाहून अधिक ठाऊक असतें आणि त्यांतलें तो थोडेंच सांगतो. त्यामुळें उरलेलें कळावें म्हणून वाचक पुढचें पान उलटतो. चित्रपटांत ही भूमिका १९६२ पासून बर्नार्ड ली यानें व १९९५ पासून ज्यूडी डेंच या नटीनें केली. पुरुषाच्या जागीं स्त्री आली तरी खोली आणि टेबल कायमच राहिलें.

मराठी वाचकास हेरप्रमुख म्हटला कीं बहिर्जी नाईक आठवतो, आणि तो खोलींत बसणारा नव्हता. १६६४ सालच्या सुरतेच्या स्वारीची बातमी त्यानेंच आणली, असें सभासदाच्या बखरींत आहे. चिखलीच्या नैर्ऋत्येस असलेलें जालना शहर महाराजांनीं १६७९ सालीं लुटलें. परततांना मोगली फौजेनें गांठलें, तेव्हां आडवाटेनें सैन्य पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलें तेंहि याच बहिर्जीनें. बातमी आणणारा व तिच्यावर स्वतःच्या पायांनीं चालणारा मनुष्य येथें एकच होता. इंग्रजी कादंबरीनें या दोघांस वेगळें केलें, आणि तसें करतांना बसणाऱ्याला सर्वज्ञ ठरविलें.

ही सर्वज्ञता कितपत खरी, हें पाहण्यास मराठी मुलखांतच एक दाखला आहे. फ्लेमिंग महायुद्धांत आरमाराच्या हेरखात्यांत होता, आणि १९३९ ते १९४२ पर्यंत त्याचा वरिष्ठ होता अ‍ॅडमिरल जॉन हेन्री गॉडफ्रे. 'एम्' हें पात्र मुख्यतः याच गृहस्थावरून घडलें असें मानतात. शिस्तीचा करडा, बुद्धीनें तल्लख आणि वागण्यास अवघड, अशी त्याची ख्याति होती. पुढें १९४३ सालीं तो हिंदी आरमाराचा मुख्य म्हणून हिंदुस्थानांत आला.

आणि याच जाणत्या माणसास आपल्या खलाशांच्या मनांतलें कळलें नाहीं. मुंबईंत कुलाब्यास 'तलवार' नांवाची संदेशशाळा होती. नासकें अन्न, गोऱ्यांहून कमी वेतन, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, या तक्रारी तेथें कित्येक महिने धुमसत होत्या. १ डिसेंबर १९४५ रोजीं, आरमारदिनीं, 'तलवार'च्या भिंतींवर इंग्रजांस चालते व्हा असें बजावणाऱ्या घोषणा रंगविलेल्या आढळल्या. पुढें बलाईचंद दत्त या तरुण खलाशास अटकहि झाली. शत्रूच्या गुप्त लिपी उकलविणाऱ्या खात्याचा माजी प्रमुख येथें मुख्य होता, आणि वाचावयाचें तें ठसठशीत अक्षरांत भिंतीवर लिहिलेलें होतें.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजीं खलाशांनीं अन्न नाकारून संप पुकारला. हे संदेश धाडण्याचेंच शिक्षण घेतलेले लोक. बिनतारी यंत्रावरून ती वार्ता बंदरोबंदरीं पसरली. ७८ जहाजें आणि सुमारें २०,००० खलाशी संपांत उतरले. २१ तारखेस कॅसल बराकींत गोळीबार झाला. त्याच दिवशीं गॉडफ्रेनें नभोवाणीवरून बजावलें कीं, आरमार नष्ट झालें तरी बेहत्तर, सरकार आपलें सर्व बळ वापरील. नभोवाणी हें साधन मोठें विलक्षण आहे: बोलणाऱ्याचें सर्वांस ऐकूं जातें, ऐकणाऱ्यांचें मात्र त्यास कांहींच ऐकूं येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, रस्त्यांत गोळ्या चालल्या आणि दोनशेंहून अधिक नागरिक प्राणांस मुकले. सरदार वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यानें २३ तारखेस खलाशांनीं शस्त्रें खालीं ठेविलीं.

कादंबरींतला 'एम्' असा कधीं गाफील सांपडत नाहीं. शंका आली कीं तो घंटी वाजवितो आणि बाँडला बोलावतो. गॉडफ्रेपाशीं घंटी होती. परंतु खलाशांच्या पंगतीला बसून, वाढलेली डाळ चाखून, तेथें काय बोलतात तें ऐकणारा बहिर्जी नव्हता.

मार्चमध्यें त्याच्या जागीं दुसरा अधिकारी आला. गॉडफ्रेस 'सर' ही पदवी अखेरपर्यंत मिळाली नाहीं. ती त्याच्या कल्पित प्रतिमेला मिळाली. आणि योगायोग असा कीं, मुंबईच्या त्या उठावानंतर हिंदी आरमाराची सूत्रें घेणाऱ्या अधिकाऱ्याचें आडनांव होतें माइल्स.