चित्रण सुरू करताच खेळ का अडखळतो?

संगणकावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ सुरळीत चालू आहे. त्याचे चित्रण करून मित्रांना दाखवावे म्हणून तुम्ही रेकॉर्डिंगचे बटण दाबता, आणि काय आश्चर्य! आतापर्यंत झरझर धावणारी मोटार झटके खात पुढे सरकू लागते. चित्रण थांबवले की ती पुन्हा पूर्ववत धावते. संगणक बिघडला म्हणावे काय? नवा घ्यावा लागेल काय? घाई करू नका. सोयाबीन विकून आलेल्या पैशाला घरात इतरही वाटा असतात. तेव्हा आधी कारण शोधू.

पडद्यावरचे चित्र खरे पाहता हलत नसते. एकामागून एक स्थिर चित्रे दाखवली जातात आणि आपला मेंदू त्यांची सांगड घालून गती पाहतो. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्याथोड्या अवकाशाने टिपली. ती चित्रे सलग दाखवताच अनेक दिवसांची वाढ प्रेक्षकांना काही क्षणांत दिसली. पुढे १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट आला. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत. हात मंदावला की दर सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या कमी होई. मूकपटात हे खपून जाई. पण हरिश्चंद्राचीच कथा १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये बोलू लागली, तेव्हा तसे चालण्यासारखे नव्हते. फिल्मचा वेग बदलला तर आवाजही बदलतो. म्हणून बोलपटांसाठी सेकंदाला २४ चित्रे हा वेग ठरून गेला.

संगणकातील खेळाची गोष्ट याहून अवघड आहे. चित्रपटाची चित्रे आधीच तयार असतात. खेळात मात्र प्रत्येक चित्र तुम्ही कोणती कळ दाबता ते पाहून त्याच क्षणी काढावे लागते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्रासाठी संगणकाला सुमारे १६.७ मिलिसेकंदच मिळतात.

शेलूबाजारजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावरील एका मोटारीचे उदाहरण घेऊ. ताशी १२० किलोमीटर वेगाने ती सेकंदाला सुमारे ३३ मीटर जाते. सेकंदाला ६० चित्रे घेतली, तर दोन चित्रांमध्ये ती अर्ध्या मीटरहून थोडी अधिक सरकलेली दिसेल. चित्रे १५ वर आली, तर प्रत्येक वेळी सव्वादोन मीटरची उडी दिसेल. आपल्याला जाणवणारा झटका तो हाच.

आता चित्रणाचे ओझे मोजू. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतील, तर एका चित्रात २०,७३,६०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले, तर सेकंदाच्या ६० चित्रांना सुमारे ३७ कोटी बाइट लागतात. एका मिनिटाचे होतात सुमारे २२ गिगाबाइट! एवढी माहिती जशीच्या तशी साठवणे परवडत नाही. म्हणून संगणक प्रत्येक चित्राची मागच्या चित्राशी तुलना करतो आणि मुख्यतः बदललेला भागच नोंदवतो. याला संकोचन म्हणतात. शर्यतीत रस्ता, झाडे, आकाश सारेच क्षणोक्षणी बदलते. त्यामुळे हे काम फार वाढते. ते करणारा प्रक्रियक बहुधा खेळही चालवीत असतो. एकाच बैलजोडीला दोन गाड्या जुंपल्यासारखे होते.

थोड्याशा उशिराने एवढा फरक का पडावा? पुष्कळ पडदे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतात. खेळ पडद्याच्या या तालाशी जोडलेला असेल आणि चित्र तयार व्हायला १६ ऐवजी १८ मिलिसेकंद लागले, तर ती पाळी हुकते. थांब्यावर दोन मिनिटे उशिरा पोहोचलेल्याला पुढच्या एसटीची वाट पाहावी लागते, तसे ते चित्र पुढच्या पाळीपर्यंत थांबते. प्रत्येक चित्राला असा उशीर झाला, की ६० चित्रांची ३० होतात. त्यात वऱ्हाडातला उन्हाळा! संगणक फार तापला, की नुकसान टाळण्यासाठी तो आपला वेग स्वतःच कमी करतो.

दुखणी दोन आहेत, हे ध्यानात ठेवा. कधी खेळच मंदावतो, तर कधी खेळ नीट चालतो, पण साठवलेल्या चित्रफितीतून फ्रेम गळतात. ओबीएस स्टुडिओ या मोफत प्रोग्रॅममध्ये चित्र तयार करण्यात आणि संकोचनात हुकलेल्या फ्रेमची संख्या वेगवेगळी दिसते. त्यावरून दुखणे कोठे आहे ते कळते.

आता स्वतः प्रयोग करा. खेळातील एकच शर्यत निवडा, पाच मिनिटे चित्रण करा आणि हुकलेल्या फ्रेम वहीत लिहा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा मोजा. पहिल्यांदा चित्रण १२८० बाय ७२० ठिपक्यांचे आणि सेकंदाला ३० चित्रांचे ठेवा. साठवायचे ठिपके पाव हिश्शाहूनही कमी होतील. नंतर संकोचनाचे काम ग्राफिक्स कार्डातील स्वतंत्र मंडलाकडे सोपवून पाहा. अनेक संगणकांत ती सोय असते. मग खेळातील सावल्या आणि बारकावे कमी करा. शेवटी चित्रफीत दुसऱ्या डिस्कवर साठवा. लॅपटॉप असेल तर चार्जर जोडलेला असू द्या आणि हवेची छिद्रे मोकळी ठेवा.

दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणत्या बदलाने गुण आला ते कळणार नाही. प्रयोगशाळेतील हाच नियम येथेही लागू पडतो. वहीतील आकडे शेजारी शेजारी मांडा. नवा संगणक हवा की जुन्याचीच मांडणी बदलायला हवी, याचे उत्तर ते आकडेच देतील.