सवाल, झील आणि जबाब

तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा हे क्षेत्र केदारेश्वर, संगमेश्वर आणि पुष्पदंतेश्वर यांच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंस दक्षिणकाशी म्हणून परिचित आहे, आणि १९५५ साली बी. के. थापर यांनी तेथील पांढरीच्या टेकाडात केलेल्या उत्खननामुळे पुराणवस्तुसंशोधकांसही ते ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे एक ठाणे म्हणून ठाऊक आहे. परंतु या टापूकडे काव्याच्या दृष्टीने, आणि त्यातही अनेकांनी मिळून रचलेल्या व जमावापुढे उभे राहून म्हटलेल्या काव्याच्या दृष्टीने, कोणी फारसे पाहिलेले दिसत नाही. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत पसरलेल्या या मुलखात कविता ही पुष्कळ काळ कागदावर रुजू झालीच नाही. ती तोंडोतोंडी वाढली, आणि जिथे वाढली तिथेच तिला हुंकार मिळाला किंवा विरोध मिळाला. त्या वाटचालीचा हा मागोवा आहे.

तो घेण्याचे निमित्त मात्र दूरच्या मुलखातले आहे. अमेरिकेतील शिकागो शहरात बांधकामावर राबणाऱ्या मार्क स्मिथ या कवीने १९८४ च्या सुमारास, काव्यवाचनाच्या सभांना आलेली मरगळ पाहून, कवितेचा सामना भरविण्याची कल्पना काढली, आणि १९८६ च्या जुलैपासून ग्रीन मिल नावाच्या जुन्या संगीतगृहात ‘पोएट्री स्लॅम’ या नावाने तो दर आठवड्यास भरू लागला. पंच म्हणून विद्वानांना पाचारण न करता समोर बसलेल्या श्रोत्यांतूनच पाचजण निवडावेत, त्यांनी शून्य ते दहापर्यंत गुण द्यावेत, त्यांतील सर्वांत अधिक व सर्वांत उणा असे दोन आकडे बाद करून उरलेल्या तिहींची बेरीज धरावी, कवितेस तीन मिनिटांची मुदत असावी आणि वर दहा सेकंदांची सवलत संपताच गुण कापले जावेत, वाद्य, वेष व सामान यांस मज्जाव असावा, असा त्याचा साधारण शिरस्ता ठरला. १९९० साली सॅन फ्रान्सिस्को येथे त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि कालांतराने चारपाच कवींच्या संघाने एकच कविता मिळून रचावी व मिळून सादर करावी, हा प्रकार त्या स्पर्धांतून विशेष नावारूपास आला. पुण्यामुंबईच्या तरुण मंडळींत गेल्या दहापंधरा वर्षांत हीच हवा आली आहे. आणि ती नवी आहे असे जे सर्रास समजले जाते, त्या समजुतीसंबंधानेच काही सांगावयाचे आहे.

दोन बायकांनी एका जात्याचा खुंटा धरून दळण घालावे, एकीने ओवीचा पहिला चरण उचलावा आणि दुसरीने तो पुरा करावा, हा समूहरचनेचा आपल्याकडील सर्वांत जुना प्रघात होय. त्या ओव्यांची कर्ती कोण, हा प्रश्न त्या बायकांना कधी पडला नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळात हीच गोष्ट फडावर आली तेव्हा तिला नावनिशी लाभली खरी, पण तीही जोडीची: होनाजी शिलारखाने याने रचावे आणि बाळा करंजकर याने गावे, आणि लोकांनी दोघांस मिळून ‘होनाजी-बाळा’ असे एकच नाव द्यावे. शिकागोच्या स्पर्धेत ज्याने कविता लिहिली त्यानेच ती सादर केली पाहिजे असा दंडक आहे. तो आमच्या शाहिरी फडाला लागू केला असता तर होनाजीला गावे लागले असते आणि बाळाला घरी बसावे लागले असते.

याच परंपरेतील कलगी-तुऱ्याचा सामना हा तर स्लॅमचा थोरला भाऊच म्हटला पाहिजे. तुकनगीर आणि शहाअली या दोन साधूंच्या काव्यवादावर संतुष्ट होऊन चंदेरीच्या राजाने एकास तुरा व दुसऱ्यास कलगी बहाल केली, अशी त्याच्या उत्पत्तीची आख्यायिका सांगतात. आख्यायिकेचा खरेखोटेपणा कसाही असो, तुरेवाल्यांनी शिवाचे आणि कलगीवाल्यांनी शक्तीचे श्रेष्ठत्व प्रतिपादावे, आणि हा तत्त्वज्ञानातला वाद डफ-तुणतुण्याच्या साथीने रात्रभर भर चव्हाट्यावर चालावा, ही गोष्ट मात्र महाराष्ट्राच्या अनेक भागांत, खानदेशातही, पिढ्यान् पिढ्या घडत आलेली आहे. कोकणात ती ‘शक्ती-तुरा’ या नावाने अद्याप जोमात आहे आणि चाकरमान्यांबरोबर मुंबईच्या नाट्यगृहांतही जाऊन पोहोचली आहे.

या सामन्याची आतली व्यवस्था जरा जवळून पाहण्याजोगी आहे. मुख्य शाहीर कडव्याची ओळ म्हणतो; ती संपते न संपते तोच मागे उभे असलेले झीलकरी तिचा शेवट उचलून ध्रुपदाशी आणून जोडतात आणि उंच स्वरात तो दोनतीनदा घोळवतात. श्रोत्याला वाटते की ही केवळ रंग भरण्याची तजवीज आहे. वस्तुतः झील चालू असते तेवढ्या अवधीत शाहीर पुढची ओळ मनात जुळवीत असतो. प्रतिपक्षाने आताच एखादे कूट टाकलेले असते, पुराणातील आडवाटेचा संदर्भ, सृष्टीच्या उत्पत्तीविषयीचा पेच किंवा आकड्यांत गुंडाळलेले अध्यात्म, आणि त्याचा उलगडा त्याच चालीत, त्याच वृत्तात, लोकांच्या डोळ्यांदेखत करावयाचा असतो. झील लांबली की जाणत्या श्रोत्याने समजावे, शाहीर अडचणीत आहे. झील आखूड पडली की समजावे, जबाब तयार आहे. म्हणजे झीलकऱ्यांचा तो कल्लोळ हा काव्याचा अलंकार नसून रचनेचाच एक अवयव होता, आणि एका माणसाची कविता चार माणसांच्या श्वासावर उभी होती.

गुरूने शिष्याला दिलेल्या बाडांत या सवाल-जबाबांचे भांडार असे, आणि ती बाडे फडाबाहेरच्या माणसाला दाखवीत नसत. परंतु बाड कितीही भरलेले असले तरी ऐन वेळी समोरच्याने काय विचारावे हे त्यात लिहिलेले नसते. म्हणूनच या काव्याचे मोल शब्दांच्या सौंदर्याइतकेच ते कोणाला उद्देशून आणि कशाच्या उत्तरादाखल म्हटले गेले यावर ठरत असे. पुढे ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह छापून फार मोठे काम केले, यात संशय नाही. मौखिक काव्याचे दप्तर त्यामुळे वाचले. पण छापखान्यात गेलेल्या पोवाड्या-लावण्यांच्या माथ्यावर एकट्याचे नाव राहिले, झीलकरी गळाले, आणि ज्या सवालास तो जबाब होता तो सवालही बहुधा गळाला.

तापीच्या उत्तरेस, त्या वेळच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात, १९३७-३८ साली जे घडले ते वरकरणी याहून अगदी निराळे होते. तळोदे तालुक्यातील मोरवडच्या गुलामहाराजांनी भिल्ल समाजास सामूहिक आरतीची दीक्षा दिली. सोमवारी हजारोंच्या संख्येने माणसे जमावीत, नित्य स्नान करावे, दारू सोडावी, खोटे बोलू नये, परस्परांना ‘आप की जय’ म्हणून मानाने अभिवादन करावे आणि सर्वांनी एका आवाजात आरती म्हणावी, एवढाच त्या धर्माचा विस्तार. येथे दोन पक्ष नव्हते, सामना नव्हता, हारजीत नव्हती. तरीही या गाण्याला जबाब अपेक्षित होताच. तो प्रत्येकाने दुसऱ्या दिवशी आपल्या वर्तनाने द्यावयाचा होता, आणि दारूच्या गुत्त्यांकडे वळणारी पावले जेव्हा थबकली तेव्हा तो मिळालाही. १९३८ साली गुलामहाराज निवर्तले. त्यांचे बंधू रामदासमहाराज यांनी कार्य पुढे चालविले, आणि सरकारने त्यांच्यावर हद्दपारीचा हुकूम बजावला. केवळ आरती म्हणणाऱ्या जमावाचे भय सरकारला वाटावे, यातच समूहवाणीच्या सामर्थ्याची कबुली आहे.

त्यानंतरचे पर्व शहाद्याचे. कर्जापायी आणि फसवणुकीने जमिनी हातच्या गेलेल्या, सालदारकीवर बांधले गेलेल्या आणि पीक संरक्षण सोसायट्यांच्या पहारेकऱ्यांचा जाच सोसणाऱ्या आदिवासींचा असंतोष १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडी या गावी जमीनदारांशी झालेल्या संघर्षानंतर उघड झाला. ३० जानेवारी १९७२ रोजी भूमुक्ती मेळावा झाला, आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. या चळवळीचे अग्रणी अंबरसिंग सुरतवंती यांना लोक ‘महाराज’ म्हणत. भजनाची वाट त्यांच्या परिचयाची होती. चळवळीतले गाणे कसे बनते हे ज्यांनी शिबिरांच्या रात्री काढल्या आहेत त्यांना सांगावे लागत नाही. चाल होळीची किंवा भजनाची, म्हणजे सर्वांच्या गळ्यात आधीच बसलेली असते. कोणी एक ओळ टाकतो, दुसरा तिच्यात आपल्या गावचे नाव घालतो, तिसरी बाई म्हणते की मजुरीचा आकडा चुकला, तो बदलतो, आणि सकाळी मोर्चा मामलेदार कचेरीपाशी पोहोचेपर्यंत गाण्याला चार कडवी अधिक फुटलेली असतात. पुढच्या गावी गावाचे नाव पुन्हा बदलते. अशा गाण्यावर स्वामित्वाचा दावा कोणी सांगावा? दारूची मडकी फोडीत निघालेल्या बायकांचे गाणे तर त्यांच्या हातातल्या काठीइतकेच सर्वांचे होते. आणि कलगीवाल्यांप्रमाणे त्यांच्यापुढेही प्रतिपक्ष उभा होता. फरक इतकाच की त्याच्याकडून यावयाचा जबाब पद्यात यावयाचा नव्हता, तो जमिनीच्या फेरफारात आणि मजुरीच्या दरात यावयाचा होता.

या संघटनेच्या कामात वाढलेले, १९५० साली शहादे तालुक्यात जन्मलेले कवी वाहरू सोनवणे यांनी ती समूहवाणी प्रथमच एका नावाखाली ग्रंथरूपात आणली. भिली आणि मराठी अशा दोन्ही भाषांशी नाते सांगणारा त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेची कीर्ती महाराष्ट्राबाहेरही गेली आहे. ज्यांचे दुःख त्यांना खाली बसवून व्यासपीठावरील मंडळींनी त्यांचेच दुःख त्यांना ऐकवावे, या विपरीत व्यवहारावर ती बोट ठेवते. ही कविता एकाने लिहिली असली तरी तिच्यातील वक्ता एकटा नाही, तो ‘आम्ही’ आहे. आणि ती वाचताना वाटते की हा कलगी-तुऱ्याचाच एक जबाब आहे, सवाल विचारणाऱ्यांना मात्र आपण सवाल केला होता याची जाणीवही नव्हती.

इतका पल्ला ओलांडून पुन्हा स्लॅमकडे आले म्हणजे तिच्या गुणदोषांचा निवाडा अधिक न्यायाने करता येतो. पंच श्रोत्यांतून घ्यावेत ही तिची योजना उत्तम आहे. जे काव्य जमावासाठी आहे त्याचा फैसला विद्वत्सभेच्या हुजुरात होऊ नये, हे आमच्या फडांनाही मान्य होते. तीन मिनिटांची मुदत निष्ठुर वाटली तरी कवीला पाल्हाळापासून वाचविते. संघाने रचलेल्या कवितेत एकाने वाक्य उचलावे, दोघांनी कळीचा शब्द एकदम उच्चारावा, चौथ्याने मौन राखून तो शब्द घुमू द्यावा, ही कारागिरी झीलकऱ्यांच्या वारसांना शोभणारी आहे. वाद्याला बंदी असल्यामुळे डफाचे काम कंठालाच करावे लागते, आणि ते तरुण मंडळी कौशल्याने करतात.

उणीव आहे ती निराळ्या ठिकाणी. एक संघ आपली कविता म्हणतो, पंच आकडे दाखवितात, लगेच दुसरा संघ येतो आणि आपली, घरून सिद्ध करून आणलेली, पहिलीशी काडीचा संबंध नसलेली कविता म्हणतो. दोघे एकमेकांशी लढतात असे म्हणतात खरे, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत. एखाद्या मुलीने भर सभेत जातीच्या किंवा हुंड्याच्या अनुभवाविषयी जीव ओतून सवाल टाकावा आणि त्यास उत्तर म्हणून आठ पूर्णांक सात दशांश हा आकडा मिळावा, यात काव्याचा सन्मान आहे की काव्याची वासलात लावली आहे, याचा विचार संयोजकांनी केला पाहिजे. कलगी-तुऱ्यात अडाणी म्हणून हिणवलेला शाहीरही प्रतिपक्षाचे म्हणणे अक्षरशः लक्ष देऊन ऐकत असे, कारण ऐकल्यावाचून त्याला पुढे गाताच येत नसे. समोरच्याचे ऐकणे ही त्या खेळातील पहिली अट होती.

तेव्हा शहाद्याच्या, नंदुरबारच्या किंवा धुळ्याच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना संघाने कविता रचून सामना भरवावयाचा असेल, तर शिकागोचे नियम त्यांनी खुशाल घ्यावेत, पंच श्रोत्यांतून निवडावेत, घड्याळही लावावे. मात्र शेवटची फेरी जबाबाची ठेवावी. समोरच्या संघाने आताच जे म्हटले त्याला, त्याच रात्री, त्याच व्यासपीठावर, आपल्या अहिराणीत, भिलीत, गुजरीत किंवा मराठीत उत्तर द्यावे. उत्तर जुळेपर्यंत मागच्या तिघांनी झील धरावी. आणि गुण त्या उत्तरालाच द्यावेत. असे झाल्यास स्लॅम या मुलखात पाहुणी राहणार नाही, आणि आज जे तरुण तीन मिनिटांत केवळ आपले गाऱ्हाणे मांडून खाली उतरतात त्यांना दुसऱ्याच्या गाऱ्हाण्याचे उत्तर देण्याचे, म्हणजे काव्यातील अधिक अवघड अर्धे काम, शिकावे लागेल.