प्रोस्टेट काढल्यावर पीएसए ०.४ आला, तर तो 'नॉर्मल' असतो का?

कळमनुरीत रक्त द्यायचं आणि रिपोर्ट मोबाईलवर पाहायचा, हे आता नेहमीचं झालंय. पीएसएच्या रिपोर्टवर बहुधा '० ते ४ नॉर्मल' असं छापलेलं असतं. कॅन्सरमुळे प्रोस्टेट काढलेल्या माणसाचा आकडा ०.४ आला की घरचे निश्चिंत होतात. गफलत इथेच होते.

ती मर्यादा प्रोस्टेट शाबूत असलेल्यांसाठी आहे. पीएसए मुख्यतः या ग्रंथीतच तयार होतं. पूर्ण ग्रंथी काढल्यावर दोनेक महिन्यांत आकडा जवळपास शून्यावर यायला हवा. तो पुन्हा ०.२ किंवा त्याहून वर गेला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच आला, तर आजार परतल्याचं मानतात. (लघवी अडते म्हणून दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनला हा हिशेब लागू नाही. त्यात ग्रंथीचा काही भागच काढतात.)

मग लगेच घाबरायचं का?

नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पीएसए वाढल्यापासून आजार दूरवर पसरल्याचं दिसेपर्यंत निम्म्या रुग्णांत साधारण ८ वर्षं गेली, तीही मधे उपचार न घेता. त्यामुळे वय जास्त आणि वाढ संथ असेल, तर नुसतं लक्ष ठेवणं हाही खरा पर्याय आहे. आकडा काही महिन्यांतच दुप्पट होत असेल तर मात्र थांबू नये.

आजार पुन्हा पूर्ण बरा होण्याची संधी मुख्यतः रेडिएशनमध्ये आहे. प्रोस्टेट होतं त्या जागेवर ते देतात आणि पीएसए ०.५ च्या आत असताना त्याचा फायदा जास्त होतो. पीएसएमए पेट स्कॅनमुळे आजार कुठे आहे ते कळू शकतं. पण इतक्या कमी आकड्याला स्कॅन अनेकदा कोरा येतो. कोरा स्कॅन म्हणजे आजार नाही, असं नव्हे. त्यापायी रेडिएशन लांबवू नये.

खरी अडचण अंतराची. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, चार ते सात आठवडे चालतं. कळमनुरीहून छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय दोनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. रोज जाऊन-येऊन हे जमत नाही. म्हणून राहण्याची सोय आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं आधीच पाहावीत. लघवी गळणं, शौचावाटे रक्त जाणं असे त्रासही होऊ शकतात.

धोका जास्त असेल तर रेडिएशनबरोबर हार्मोनची इंजेक्शनं देतात, बहुधा सहा महिने ते दोन वर्षं. ती टेस्टोस्टेरॉन दाबतात. अंगातून गरम वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढू शकते. इंजेक्शनांऐवजी वृषण काढण्याचं छोटं, स्वस्त ऑपरेशनही सुचवलं जातं. आजार हाडांपर्यंत पसरला असेल तर ते योग्य ठरू शकतं. पण सहा महिन्यांचंच औषध पुरणार असेल, तर कायमचं ऑपरेशन कशासाठी, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.