रखडलेले काम आणि साइटवरचा माणूस

आपल्या घरातील कुणी रस्त्याच्या, पुलाच्या, धरणाच्या किंवा मेट्रोच्या कामावर परगावी असेल, तर ‘कधी येणार?’ हा प्रश्न आपण त्याला आजवर असंख्य वेळा विचारला असेल. प्रश्न मायेचाच असतो. तरीही तो ऐकताच पलीकडचा आवाज तुटक होतो, ‘बघू’ एवढेच उत्तर येते आणि काही ना काही निमित्ताने फोन ठेवला जातो. आपल्याला वाटते, माणूस बदलला. वास्तविक त्याच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर नसते, आणि ते नसल्याची बोच त्याला दिवसभर पुरलेली असते. काम वेळेवर चालले असेल तर परगावचा मुक्काम सुसह्य होतो. काम रखडले की तोच मुक्काम प्रकृतीवर उतरू लागतो. हा फरक कुटुंबाने समजून घेतला पाहिजे, कारण त्यावरचे बरेचसे उपाय कुटुंबाच्याच हाती आहेत.

मुंबई-गोवा महामार्गाचे उदाहरण कोकणच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पनवेल ते इंदापूर (पुणे जिल्ह्यातले नव्हे, रायगडमधले इंदापूर) या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. भूसंपादन, वनखात्याच्या परवानग्या, बदललेले ठेकेदार आणि दरवर्षी चार महिने कोसळणारा पाऊस यांत मुदतींमागून मुदती उलटल्या. या रस्त्यावर अडकलेल्या प्रवाशांच्या हालांविषयी पुष्कळ लिहून आले आणि ते योग्यच होते. मात्र त्याच रस्त्यावर चमकदार पट्ट्यांचे जाकीट घालून उभ्या असलेल्या माणसाचा विचार क्वचितच होतो. गणेशोत्सव जवळ आला की खड्डे बुजवण्याचे आदेश सुटतात. चाकरमानी गावी पोहोचावेत म्हणून ज्याची रजा रद्द होते, तो तरुण अभियंता सांगलीचा, लातूरचा किंवा अकोल्याचा असतो. त्याच्याही घरी गणपती बसलेला असतो. गाडीची काच खाली करून त्याला चार शब्द सुनावणाऱ्या प्रवाशाला हे ठाऊक नसते, आणि काम ज्या कारणांनी अडले त्यांतले एकही त्याच्या अखत्यारीतले नसते.

अशा माणसाचा दिवस कसा जातो, ते पाहू. सकाळी सात वाजता तो साइटवर हजर होतो. मजूर आलेले असतात, सळई बांधून तयार असते, शटरिंग लागलेले असते. पण काँक्रीटची गाडी येत नाही. प्लांटवर खडी संपलेली असते, किंवा मागचे बिल थकल्यामुळे पुरवठादाराने माल रोखलेला असतो, किंवा सुधारित नकाशावर सही झालेली नसते. पोकलेन उभे असते, त्याचे भाडे मात्र चालू असते. दहा वाजेपर्यंत चार फोन, दुपारपर्यंत दहा. प्रत्येक वेळी ‘निघालीच आहे’ हे उत्तर. या रिकाम्या तासांत चहा होतो, पुन्हा चहा होतो. मग संध्याकाळी पाचला गाड्या एकामागून एक येऊ लागतात. एकदा ओतायला घेतलेले काँक्रीट अर्ध्यावर सोडून चालत नाही. जुन्या आणि नव्या थरांत सांधा राहतो व बांधकाम कमकुवत होते. म्हणजे दिवसभर बसून काढलेल्या माणसाला रात्री एक-दीडपर्यंत उभे राहणे भाग पडते. त्यानंतर दैनंदिन अहवाल. आणि सकाळी सात वाजता पुन्हा हजेरी, आदल्या दिवशीचे काम मागे का पडले याचा जाब देण्यासाठी.

कष्ट माणसाला थकवतात, पण त्या थकव्याला झोप हा उतारा आहे. रिकाम्या प्रतीक्षेचा थकवा वेगळ्या जातीचा असतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात बोलका आहे. ४५ स्वयंसेवकांना संगणकावरील एका खेळात दगडाखाली साप आहे की नाही याचा अंदाज करायचा होता. साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका बसे. घामाच्या आणि बाहुल्यांच्या मोजमापावरून असे दिसले, की झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना जेवढा ताण येतो, त्याहून अधिक ताण तो बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना येतो. आपल्या भाषेत सांगायचे, तर ‘दिवाळीला येता येणार नाही’ हे ऐकणे वाईट. पण ‘बहुतेक जमेल, बघू’ हे महिनाभर वागवणे त्याहून वाईट. समुद्रातील तेलफलाटांवर काम करणारेही घरापासून दूरच असतात, कामही जोखमीचे. पण तिथे ठरावीक दिवस काम आणि ठरावीक दिवस घर अशी पाळी बांधलेली असते. जाण्याची आणि येण्याची तारीख आधी ठाऊक असते. रखडलेल्या साइटवर नेमके तेच नसते.

या सततच्या ताणाचे शरीरावरील परिणाम हळूहळू जमा होतात. पित्त हा पहिला पाहुणा. मेसचे जेवण एकची वेळ चुकवून तीनला होते, रात्रीचे अकराला. दोन्हींच्या मध्ये वडापाव, फरसाण आणि चहा. चहाचाच हिशेब करून पाहा. एका कपात दीड चमचा साखर धरली आणि दिवसाचे आठ कप धरले, तरी ती सुमारे ६० ग्रॅम होते. प्रौढ माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्य झाल्यास २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाचे गणित आहे. मिठाची गोष्ट अशीच. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमची, म्हणजे जेमतेम एक चमचा. बेचव वरणाला चव आणण्यासाठी घेतलेले लोणचे, पापड आणि वर शिवरलेले मीठ ती सहज ओलांडतात. उन्हात घाम गाळणाऱ्याला मीठ अधिक लागते, हा समज साइटवर पक्का असतो. घामाची भरपाई प्रामुख्याने पाण्याने करायची असते, लोणच्याने नव्हे. तासन्‌तास कडक उन्हात काम असेल, त्या दिवशी जलसंजीवनीची एखादी पुडी ठीक. मात्र ज्याला रक्तदाब किंवा मधुमेह आहे, त्याने तीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

रक्तदाबाविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. तिशी-पस्तिशीतला धडधाकट पुरुष आपण होऊन रक्तदाब मोजायला जात नाही, आणि उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवत नाही. ‘डोके दुखते, पण ऊन आहे ना’ असे म्हणून वर्षे निघून जातात. तो घरी आला की शांतपणे पाच मिनिटे बसवून दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजावा आणि आकडे वहीत लिहून ठेवावेत. दवाखान्यात १४०/९० ही सीमा मानली जाते. घरच्या मोजमापात सरासरी १३५/८५ च्या पुढे जाऊ लागली, तरी डॉक्टरांना दाखवावे. आई-वडिलांपैकी कुणाला हा विकार असेल, तर यात चालढकल नको.

झोपेसाठी म्हणून घेतले जाणारे दोन पेग हा कॅम्पवरचा आणखी एक उपाय. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे. पण मध्यरात्रीनंतर झोप तुटते आणि सकाळी माणूस आंबलेलाच उठतो. घरच्यांनी यावर फोनवरून उपदेश करू नये. त्याने बोलणे कमी होते, पिणे नव्हे. त्याऐवजी झोप कशी लागते, रात्री किती वेळा जाग येते, एवढे विचारावे. बोलण्याचा धागा तिथून सापडतो.

आता एका अशा धोक्याविषयी, ज्याकडे आपण मायेपोटी दुर्लक्ष करतो. शनिवारी रात्री काँक्रीट संपवून, तसेच मोटरसायकलवर बसून, पहाटे घरी पोहोचायचे आणि रविवार संध्याकाळी परत निघायचे, ही साइटवरच्या तरुणांची नेहमीची रीत. एका दिवसाच्या भेटीसाठी केलेल्या या धावपळीचे घरी कौतुक होते. १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाच्या हाता-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो. आपल्या कायद्याने वाहन चालवण्यासाठी ठेवलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी सातला कामावर चढलेला आणि रात्री बारा-एकनंतर घाटाच्या रस्त्याला लागलेला हा मुलगा न पिताही त्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. त्याला स्पष्ट शब्दांत सांगा, की रात्री निघू नको. झोप, आणि सकाळच्या एसटीने किंवा रेल्वेने ये. अर्धा रविवार गेला तरी चालेल. ‘आई वाट पाहते आहे’ हे वाक्य अशा रात्री उच्चारू नका.

घरातील प्रश्न यापेक्षा नाजूक असतात. पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने कुटुंबात माणूस असून नसल्यासारखा, किंवा नसून असल्यासारखा असतो, त्या अवस्थेचा अनेक वर्षे अभ्यास केला. तिने प्रामुख्याने बेपत्ता सैनिक आणि स्मृती गमावलेले वृद्ध यांच्या कुटुंबांविषयी लिहिले. आपला प्रसंग तेवढा बिकट नाही. पण तिने दाखवलेली एक अडचण इथेही भेटते: या घडीला घरात निर्णय कुणी घ्यायचा, हे कुणालाच नेमके ठाऊक नसते. मुलाची शाळेची सहल, सासऱ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, गळणारे छप्पर या गोष्टी ‘ते आले की बघू’ म्हणून ठेवल्या जातात. काम रखडते तसे घरही रखडते. मग पत्नी नाइलाजाने सगळे निभावू लागते, त्यात तरबेज होते. आणि चार दिवसांच्या रजेवर आलेले गृहस्थ त्या घडीत फेरबदल सुचवतात. भांडण ठरलेलेच. यावर माझे मत स्पष्ट आहे. जो घरात राहतो, त्याचा निर्णय अंतिम असावा आणि परगावच्या माणसाला तो सांगितला जावा, विचारला जाऊ नये. त्याचा मान राखण्यासाठी दोन-तीन बाबी खुशाल त्याच्याकडे ठेवाव्यात, ज्या फोनवरून खरोखर होऊ शकतात: मुलीचे गणित, विम्याचे हप्ते, धाकट्या भावाच्या नोकरीची चौकशी.

आणि तो प्रश्न? ‘कधी येणार?’ ऐवजी ‘आज जेवलास काय?’ असे विचारून पाहा. याचे उत्तर त्याला देता येते. फोनची वेळ ठरवताना काँक्रीटच्या रात्री सोडून द्याव्यात. मुले नऊला झोपत असतील, तर सकाळी शाळेला निघतानाची पाच मिनिटे अधिक खात्रीची. रजेची मागणी ‘काम संपल्यावर’ अशी न ठेवता, दर सहा आठवड्यांनी चार दिवस, अशी आधीच लिहून मंजूर करून घेण्याचा आग्रह त्याने वरिष्ठांकडे धरावा. काम कुठल्याही टप्प्यावर असो, सहा आठवडे मोजता येतात. पुष्कळ साइटवर ही मागणी मान्य होते, कारण ती बहुधा कुणी केलेलीच नसते.

हे सारे लिहिताना मजुरांची आठवण ठेवणे प्राप्त आहे. अभियंत्याचा पगार काम थांबले तरी बहुधा चालू राहतो. झारखंड-बिहारहून किंवा आपल्याच मराठवाड्यातून आलेल्या मजुराची मात्र त्या दिवसाची हजेरी पडत नाही. पिण्याचे पाणी, शौचालये, राहण्याची सोय या गोष्टी बांधकाम कामगारांना मिळाल्याच पाहिजेत, असे १९९६ च्या कायद्याने घालून दिले. आपल्या घरचा माणूस साइटवर अधिकारपदावर असेल, तर कॅम्पवर या गोष्टी आहेत का, असे त्याला जरूर विचारा. दिवसभर वरून बोलणी खाणारा माणूस खाली मुकादमावर आणि मुकादम मजुरांवर राग काढतो, ही साखळी साइटवर सर्वांच्या परिचयाची आहे.

चिडचिड, एकटेपणा, झोप उडणे, ‘सगळे सोडून द्यावेसे वाटते’ अशी भाषा दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली, तर ती कामाचा ताण म्हणून सोडून देऊ नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. जीव नकोसा झाल्याची भाषा कानी पडली, तर एक दिवसही थांबू नका. त्याच क्षणी तो क्रमांक लावा आणि कॅम्पवरील एखाद्या सहकाऱ्याला त्याच्याजवळ बसायला सांगा. यासाठी त्या सहकाऱ्याचा क्रमांक आपल्याकडे आधीपासून असायला हवा.

रजेवर आल्यावर पहिला दिवस त्याला झोपू द्यावे. पाहुणे, देवदर्शन, बँक हे दुसऱ्या दिवसापासून. निघताना पिशवीत चिवडा-शेव भरण्याची आपली जुनी सवय आहे. त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे व चणे, मेतकूट, जवसाची कमी मिठाची चटणी, आणि नाचणीचे भाजलेले पीठ द्यावे. यांतले काहीही मेसच्या चुलीवाचून, अकरा वाजताही खाता येते. ते पीठ ताकात किंवा पाण्यात कालवले की झाले. सोबत झाकणाचा एक डबा द्यावा, म्हणजे मेसवाल्याला एक वाजता त्याचे जेवण काढून ठेवायला सांगता येईल.