सोलर लावलं की लाइट बिल खरंच शून्य येतं? आधी हे गणित बघा

'आमचं लाइट बिल शून्य आलं!' असं सांगणारं एखादं रील तुमच्याही फीडमध्ये आलं असेल. खाली सोलर कंपनीची जाहिरात आणि सबसिडीचा आकडा. पण छतावर सोलर बसवायचं म्हणजे दीड-दोन लाखांचा मामला. हे पैसे किती वर्षांत वसूल होतात? आणि प्रत्येकाला तेवढाच फायदा होतो का?

याचं उत्तर जाहिरातीत नाही, तुमच्या लाइट बिलात आहे.

सबसिडी किती मिळते?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू केली. १ कोटी घरांवर सोलर बसवण्याचं उद्दिष्ट आहे. यात १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सिस्टीमला ७८ हजार रुपये सबसिडी मिळते. म्हणजे ५ किलोवॅट बसवलं तरी ७८ हजारच.

लक्षात ठेवा, सबसिडी सिस्टीम सुरू झाल्यानंतर तुमच्या बँक खात्यात येते. त्यामुळे सुरुवातीला पूर्ण रकमेची सोय तुम्हालाच करावी लागते. त्यासाठी ३ किलोवॅटपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकतं.

वीज किती तयार होते?

१ किलोवॅटसाठी साधारण १०० चौरस फूट सावली न पडणारी जागा लागते. त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते. म्हणजे ३ किलोवॅटमधून महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट. उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात बरीच कमी.

दिवसा घरी कुणी नसेल तर ही वीज वाया जाते का? नाही. नेट मीटर या वीज ग्रिडमध्ये गेल्याची नोंद ठेवतो. रात्री तुम्ही ग्रिडमधून जी वीज घेता, त्यातून हे युनिट वजा होतात. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात. पण ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपताना जे युनिट शिल्लक राहतात, त्यांना तुम्ही वीज विकत घेता त्यापेक्षा खूप कमी दर मिळतो. म्हणून गरजेपेक्षा मोठी सिस्टीम लावण्यात अर्थ नाही.

खरी बचत कुणाची?

महावितरणच्या घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे स्लॅब असतात. वापर वाढतो तसा वरच्या युनिटचा दरही वाढतो. सोलरमुळे आधी हे वरचे, महागडे युनिट कमी होतात. म्हणून ज्यांचा वापर जास्त, त्यांची बचतही जास्त.

दोन घरांचं उदाहरण घेऊ. आकडे अंदाजे आहेत.

पहिलं घर: महिन्याला ३५० युनिट वापर. ३ किलोवॅटचा खर्च समजा १ लाख ९० हजार. सबसिडी वजा जाता १ लाख १२ हजार. महिन्याला २,८०० रुपये वाचले तर वर्षाला ३३,६०० रुपये. साडेतीन वर्षांच्या आत पैसे वसूल.

दुसरं घर: महिन्याला ९० युनिट वापर. १ किलोवॅटचा खर्च समजा ६५ हजार. सबसिडीनंतर ३५ हजार. पण महिन्याला वाचतात जेमतेम ५०० रुपये. वसुलीला जवळपास सहा वर्षं.

पॅनलची वॉरंटी साधारण २५ वर्षांची असते, त्यामुळे दुसऱ्या घराचाही तोटा नाही. पण कर्ज काढलं, तर गणित बदलतं. १ लाख रुपये ६ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण १,९३० रुपये येतो. पहिल्या घराचा हप्ता बचतीतूनच निघतो. दुसऱ्या घराचं कर्ज लहान असलं, म्हणजे ३५ हजारांचं, तरी हप्ता पावणेसातशेच्या आसपास जातो. बचत ५०० ची, म्हणजे बाकीचे खिशातून.

या गोष्टी जाहिरातीत सांगत नाहीत

- बिल अगदी शून्य सहसा येत नाही. एकही युनिट लागलं नाही तरी स्थिर आकार भरावाच लागतो.
- बॅटरी नसलेली सिस्टीम लाइट गेल्यावर बंद पडते. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये, म्हणून ही सोय असते. सोलर म्हणजे इन्व्हर्टर-बॅटरीला पर्याय नाही.
- पॅनलवर धूळ साचली की वीज कमी तयार होते, त्यामुळे ते धुवावे लागतात. पॅनलच्या आयुष्यात इन्व्हर्टर एकदा तरी बदलावा लागू शकतो. तो खर्च आधीच धरा.
- सबसिडीसाठी भारतीय बनावटीचेच पॅनल लागतात आणि ते योजनेत नोंदणी असलेल्या व्हेंडरकडूनच बसवावे लागतात.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर?

गच्ची सोसायटीची असते, त्यामुळे सोसायटीची परवानगी हवी. पण लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांच्या सामायिक बिलासाठी सोसायटीलाही किलोवॅटमागे १८ हजार रुपये सबसिडी आहे. पुढच्या सभेत हा विषय काढायला हरकत नाही.

मग काय करायचं?

गेल्या १२ महिन्यांची बिलं काढा. युनिटची बेरीज करून १२ ने भागा. सरासरी २०० च्या वर असेल, तर दोन-तीन व्हेंडरकडून कोटेशन घ्या. १०० च्या आत असेल, तर घाई करू नका, कर्ज तर मुळीच नको. व्हेंडरला फक्त 'सबसिडी किती?' असं विचारू नका. 'माझ्या वापरावर पैसे किती वर्षांत सुटतील?' हे लेखी मागा.