गुरुजींना अडू द्या

तालुक्याच्या गावी भरणाऱ्या गणित-प्रशिक्षणांत माझे पस्तीस उन्हाळे गेले. तेवढ्यात डी.एड.चं डी.टी.एड. झालं, डी.टी.एड.चं डी.एल.एड. झालं, फळ्याच्या जागी पडदा आला. माझं म्हणणं पहिल्या उन्हाळ्यापासून एकच आहे. जो शिक्षक स्वतः कधी गणितात अडून बसला नाही, तो मुलाला अडू देत नाही. मूल थबकलं की तो उत्तर सांगून मोकळा होतो, आणि शोध तिथेच संपतो.

धोरणांचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, म्हणून भराभर पुढे जातो. 1937 साली वर्ध्याला नई तालीम मांडली गेली. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाड्यावरच्या बिया-पानांतून शिक्षणाची साधनं घडवली. 1986 च्या धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षक-प्रशिक्षणाची डाएट उभी राहिली. 2005 च्या राष्ट्रीय आराखड्याने मुलाच्या विचाराचं गणितीकरण हे ध्येय ठेवलं. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये कृती आणि शोध यांतून शिकण्याची गोष्ट आली. 2015 पासून 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'मुळे ज्ञानरचनावाद हा शब्द वाडीवस्तीवरच्या शाळेतही पोचला. कागदावर आता काही कमी नाही.

या सगळ्यात थांबावं असं एक ठिकाण म्हणजे होशंगाबाद. 1972 मध्ये तिथल्या सोळा शाळांत सुरू झालेला कार्यक्रम विज्ञानाचा होता आणि 2002 मध्ये सरकारने तो बंद केला. पण प्रशिक्षण कसं असावं हे आम्ही गणितवाले तिथूनच शिकलो. मुलांनी जो प्रयोग करायचा, तो शिक्षकाने आधी स्वतःच्या हाताने करायचा. चुकायचं, वाद घालायचा, पुन्हा करायचा.

आमच्याकडे मात्र दोन पंथ पडले. एका पंथाचं म्हणणं, साहित्यपेटी दिली की झालं. दशकदांडे आणि मणी मलाही प्रिय आहेत; पण 'एक दांडा सोडा, दहा सुटे घ्या' हे हुकमाने करून घेतलं, तर हातचा पूर्वीसारखाच पाठ होतो, फक्त फळ्याऐवजी सतरंजीवर. दुसरा पंथ म्हणतो, आधी पाढे पक्के होऊ द्या, प्रश्न मागाहून. मागाहून म्हणजे कधी, हे त्या मंडळींनी आजवर सांगितलेलं नाही.

दोघांनाही माझं उत्तर देवळालीत आहे. 1930 ते 1962 तिथल्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावायचे, मोठीतून लहान वजा करायची आणि उत्तराचं पुन्हा तेच करायचं, अशा खेळात त्यांना चार अंकी संख्या जिथे येऊन थांबतात ती 6174 सापडली आणि 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. शाळामास्तर शोध लावू शकतो, याचा याहून मोठा पुरावा महाराष्ट्राला कशाला हवा? माझं प्रत्येक प्रशिक्षण मी त्यांच्या रीतीने सुरू केलं, पण दोन अंकी संख्येने. 41 उलटली की 14. मोठीतून लहान वजा केली, 27. मग 72 मधून 27, 45. 54 मधून 45, उरले 9. ते 09 लिहायचे. 90 मधून 09, 81. मग 63. आणि पुन्हा 27! कितीही वेळा करा, याच रिंगणात फिरत राहायचं. का?

एका वर्षी निवृत्तीला दोन वर्षं उरलेले एक गुरुजी म्हणाले, "सर, उत्तर सांगून टाका, आम्ही लिहून घेतो." मी सांगितलं नाही. ते रागावूनच एसटीला गेले. दुसऱ्या दिवशी चाळीस पानी वही घेऊन आले. 11, 22 अशा जुळ्या अंकांच्या नऊ सोडून उरलेल्या सगळ्या, म्हणजे 81 संख्या त्यांनी रात्री करून पाहिल्या होत्या. फळ्याशी जाऊन म्हणाले, "41 चे 14 करताना तीन दशक खाली उतरून एकक झाले. दहाचा एक झाला की नऊ गेले. नऊ त्रिक सत्तावीस!" आयुष्यभर घोकून घेतलेला पाढा त्यांना त्या दिवशी नव्याने भेटला. खडू खाली ठेवता ठेवता त्यांनीच विचारलं, "तीन अंकी घेतल्यावर काय होईल हो?" 495 माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं आणि वाद विधानसभेपर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी संख्यानामांबाबतची मुलांची अडचण शांतपणे समजावली. माझं दुःख वेगळं आहे. तो वाद कुणी प्रशिक्षणाच्या वर्गात आणलाच नाही. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ वेळा 'एक उणे' म्हणणारी आपली भाषा 99 ला मात्र 'नव्व्याण्णव' का म्हणते, हे शिक्षकांपुढे टाका आणि बघा, जेवणाची सुट्टी कशी विसरली जाते!

आता प्रशिक्षण मोबाइलवर आलं आहे. चित्रफीत पुढे सरकवायची, पर्याय निवडायचे, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. प्रत्यक्ष भरलंच तर चार्टपेपरसह फोटो पाठवण्यात दुपार जाते. अडायला वेळच ठेवलेला नाही. राज्यस्तरावर झालेलं बोलणं जिल्हा, तालुका, केंद्र असं उतरत येतं. त्यातून प्रश्न वाटेतच गळतात आणि सूचना तेवढ्या पोचतात. माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक प्रशिक्षणातला एक अख्खा दिवस शिक्षकांच्या स्वतःच्या गणिताला द्या आणि त्या दिवशी उत्तरसूची कुलपात ठेवा.

81 संख्या करून पाहणाऱ्या त्या गुरुजींच्या शाळेत मी त्याच वर्षी जुलैमध्ये गेलो होतो. चौथीतली एक मुलगी फळ्यावर 500 मधून 167 वजा करताना शून्यांशी अडली होती. गुरुजी खिडकीशी हात मागे बांधून उभे होते. मुलं कुजबुजायला लागली, तशी त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मुलीने पाच खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. बराच वेळ गेला. गुरुजी जागचे हलले नाहीत.