धनुष्याचे लाकूड कोठून येते?



सातपुड्यातील मुलांसाठी मदत पाठवताना केम आणि आसपासच्या मंडळींतून एक प्रश्न हमखास येतो. "मुलांच्या धनुष्यांसाठी लाकूड पाठवू का? शेतात बाभळी आहेत, वखारीत सागाच्या पट्ट्या मिळतात." प्रश्नामागचे प्रेम आम्हांला कळते. पण भिल्लांचे धनुष्य वखारीतल्या लाकडाचे होत नाही. ते का, हे कळले तर आपली मदत योग्य जागी पोहोचेल, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

आपल्या सोलापूर भागातील फासेपारधी बंधू, नावाप्रमाणेच, फासे लावून शिकार करीत. धनुष्याची खरी ओळख भिल्लांशी. 'भिल्ल' हे नावच धनुष्य या अर्थाच्या 'विल्' किंवा 'बिल्' या द्राविडी शब्दावरून आले असे अनेक अभ्यासक मानतात. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा, धडगावकडे जे तीरकामठे दिसतात त्यांचा कामठा बांबूचा असतो, आणि पुष्कळदा दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची चिवट पट्टी असते.

हा बांबू म्हणजे बहुधा मानवेल. त्याची एक गंमत आहे. ओलसर, सुपीक जमिनीत तो पोकळ वाढतो. कोरड्या, खडकाळ उतारावर मात्र जवळजवळ भरीव होतो. धनुष्याला हवा असतो तो हाच, हलक्या जमिनीतला. दिसायला बारीक, पण हातात घेतला की वजन जाणवते.

निवड बेटातच, बांबू उभा असतानाच करावी लागते. त्या वर्षीच्या काठीवर पांढरी भुकटी असते, पेरांना पानोळ्या चिकटलेल्या असतात. ती काठी कितीही सरळ असली तरी उपयोगाची नाही. सुकताना आकसते आणि तिला भुंगा लागतो. तीन-चार वर्षांची काठी निस्तेज दिसते, अंगावर बुरशीसारखे डाग असतात, कोयत्याच्या मुठीने ठोकली तर टणक वाजते. पेरे सारख्या अंतरावर हवीत, काठीला पीळ नको. तोडणी पावसाळा संपल्यावर, थंडीत करायची. पावसात नवे कोंब फुटत असतात, तेव्हा बेटात शिरले की ते मोडतात. शिवाय थंडीत तोडलेल्या काठीला कीड कमी लागते. तोड जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या पेराच्या थोडी वर, म्हणजे बुंध्यात पाणी साचून बेट कुजत नाही.

मग वाट पाहणे. काठी सावलीत काही महिने सुकते. चुलीच्या धुरावर टांगली तर भुंगाही दूर राहतो. कामठा तासताना बाहेरची साल शाबूत ठेवून आतल्या बाजूने तासायचे, कारण बांबूचे सर्वांत दाट आणि बळकट धागे सालीखालीच असतात. साल खरवडून गुळगुळीत केलेले धनुष्य दिवाणखान्यात छान दिसते, ओढले की मोडते. ओल्या काठीचे धनुष्य मोडत नाही कदाचित, पण वाकलेलेच राहते आणि बाण जवळच पडतो. होशेयाच्या ७ व्या अध्यायात दगा देणाऱ्या धनुष्याची उपमा आहे. ती देणाऱ्याला असली धनुष्ये ठाऊक असणार.

लाकडातही एक झाड या कामाचे आहे, धामण. संस्कृतात त्याला धन्वन म्हणतात, म्हणजे नावातच धनुष्य आहे. कावडीचे दांडे, हत्यारांचे दांडे यांसाठी ते वापरतात, कारण ते वाकते आणि परत सरळ होते. मात्र ते करवतीने कापायचे नाही. पाचर मारून फोडायचे, म्हणजे रेषा जिकडे जाते तिकडे लाकूड फुटते. करवत रेषा मध्येच तोडते. वखारीतल्या पट्टीचा मुख्य दोष हाच. साग दाराखिडक्यांना उत्तम, कारण तो हलत नाही. धनुष्याला हलणारे लाकूड हवे. आणि बाभळीत चार-पाच फूट सरळ, बिनगाठीचा तुकडा मिळणे नशिबाची गोष्ट.

चांगल्या लाकडाची टंचाई जुनीच आहे. इंग्लंडमध्ये यू झाडाची लाकडे संपू लागली तेव्हा १४७२ च्या कायद्याने बंदरात येणाऱ्या व्यापारी जहाजांना मालाच्या प्रमाणात धनुष्याच्या काठ्या आणणे सक्तीचे केले. सातपुड्यातील प्रश्न वेगळा होता: काठी समोर उभी, पण तोडली तर गुन्हा. १९२७ च्या वन कायद्यात बांबू 'झाड' धरला होता. २००६ च्या वन हक्क कायद्याने तो गौण वनोपजात आला आणि हक्क मान्य झालेल्या गावांना तो गोळा करण्याचा, विकण्याचा अधिकार मिळाला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती मिळवून दाखवले. धामण मात्र इमारती लाकडात मोडते. ती परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून आम्ही धामणीचे धनुष्य मागत नाही, आणि आपणही मागू नये.

काही विश्वासणाऱ्यांना शंका असते की धनुष्याला उत्तेजन म्हणजे शिकारीला उत्तेजन. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. आज धनुष्य लग्नात, नाचात आणि मैदानावर असते. राष्ट्रीय तिरंदाजीत 'इंडियन राउंड' हा साध्या लाकडी-बांबूच्या धनुष्यांचा गट आहे, ३० आणि ५० मीटरचा. राजस्थानातील आदिवासी कुटुंबातले लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर शिकून १९८८, १९९२ आणि १९९६ च्या ऑलिंपिकपर्यंत गेले. इसहाकाने एसावाला धनुष्य घेऊन रानात पाठवले होते. त्या हत्यारात अधर्म असा काही नाही.

तेव्हा लाकूड पाठवू नका. नाताळच्या भेटीसाठी दिवाळीनंतर घाईने मागणी केली तर ओल्या काठीची धनुष्येच हाती येतील, आणि दोष कारागिराला लागेल. मागणी आदल्या हिवाळ्यात, तोडणीच्या वेळी नोंदवा आणि निम्मी रक्कम तेव्हाच द्या. सुकवण्याचे महिने त्या घरालाही खायला लागते. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांनी बांधावर मानवेल लावायला हरकत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर खासगी जमिनीतला बांबू वन कायद्याच्या लेखी झाड राहिलेला नाही. उपयोगी काठ्या मिळायला चार-पाच वर्षे जातील. रानातल्या मानवेलीला कित्येक वर्षांनी एकदम फुलोरा येतो आणि सारे बेट वाळून जाते. तेव्हा बांधावरचे एखादे बेट सातपुड्यातील कारागिरांनाही उपयोगी पडेल.